उलटी बाजू बघा: जुन्या वाकळा, चंच्या, कुंच्या जमवायच्या असतील तर

तर झालं असं की आमच्याकडे बोहारीण आली होती आणि आईने माळ्यावरचं एक गाठोडं काढून तिच्यापुढे टाकलेलं, बदल्यात झाकणाचा स्टीलचा डबा ठरला होता, डबा आईच्या हातात पण आला होता, तेवढ्यात मी घरी पोचले आणि गाठोड्यातून एक कोपरा लोंबत होता तो दिसला. विटलेलं हिरवं इरकल आणि त्याच्यावर बोटबोटभर अंतराने पांढरा धावदोरा. पणजीची वाकळ, म्हणजे गोधडी! डबा परत दिला, बोहारीण मावशी चिडल्या, वर शंभर रुपये दिले तेव्हा कुठे गेल्या. आई म्हणाली, "उंदरांनी खाल्लेली वाकळ ती, त्यापेक्षा डबा बरा होता."

याला आता तेरा वर्षं झाली. आज माझ्याकडे दोन ट्रंका आणि एक कपाट भरून असल्या चिंध्या आहेत (हा आईचा शब्द) आणि महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, मलापण जमवायचंय, सुरुवात कुठून करू, फसायला होतं का, धुवायचं कसं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिली गोष्ट, जुन्या वस्तू म्हटलं की लोक समई, पितळी घंगाळं, वाड्याचे खांब यांच्या मागे लागतात. त्याला पैसा लागतो, जागा लागते आणि त्या बाजारात तुमच्या आधी पंचवीस लोक उभे असतात. हाताने शिवलेल्या घरगुती कापडाच्या मागे अजून फारसं कोणी नाही. त्यामुळे ते स्वस्त मिळतं, आणि त्याचमुळे फेकलं पण जातं.

घरातूनच सुरुवात करा

बाजारात जायच्या आधी स्वतःच्या घरातला माळा, मग मामाचं घर, मग आत्याचं. पण "जुनं काही आहे का" असं विचारू नका, लोक "नाही गं बाई, सगळं टाकलं" म्हणून मोकळे होतात. वस्तूचं नाव घेऊन विचारा. आजोबांची चंची होती ना? बाळंतविड्यातली कुंची कोणाकडे आहे? आजीची जपमाळेची गोमुखी? पाळण्यावर टांगायचं ते कापडी चिमण्यांचं चिमणाळं? कमरेला लावायचा पैशांचा कसा? सारीपाटाचं कापड? पोळ्याला बैलावर टाकायची झूल? रुखवतातलं मण्यांचं तोरण? नाव घेतलं की समोरच्याचा चेहरा बदलतो आणि मग ती उठून आत जाते, आणि आतून कायकाय निघतं ते विचारू नका. माझ्या एका मावसआजीने असंच उठून जाऊन पिठाच्या डब्याखालून चौकोनी घडी काढली, ती म्हणे डब्याला बूड म्हणून ठेवलेली. उघडली तर सारीपाट! अधिक चिन्हाच्या आकाराचा, लाल खादीवर पांढऱ्या-काळ्या पट्ट्या शिवलेल्या, फुल्यांच्या जागी उलटसुलट टाके घातलेले, चारी टोकांना गोंडे. एका गोंड्याच्या जागी नुसती गाठ होती. तीस वर्षं त्याच्यावर ज्वारीच्या पिठाचा डबा.

आणि हो, गल्लीत "जुन्या जरीच्या साड्याऽऽ" ओरडत फिरणारे असतात त्यांना काही देऊ नका. ते साडी साडी म्हणून घेत नाहीत, खऱ्या जरीत चांदी असते, ती जाळून गाळून काढतात. म्हणजे पदर भट्टीत. आजीच्या शालूचे काठ विकायचेच असतील तर निदान काठ म्हणून घेणारा माणूस शोधा.

उलटी बाजू

आता मुख्य मुद्दा. सुलटी बाजू दाखवायला शिवलेली असते, उलटी बाजू खरं बोलते. कुठलीही शिवलेली वस्तू हातात आली की मी आधी ती उलटी करते, मग शिवण बघते, मग कडा, आणि सगळ्यात शेवटी नक्षी. दुकानदार वैतागतात, वैतागू द्या.

गोधडीचं घ्या. पुण्याकडे गोधडी म्हणतात, आमच्या सातारा-कोल्हापूरकडे वाकळ. वरचा आणि खालचा थर बहुतेक वेळा नऊवारी लुगड्याचा, आत जुनी धोतरं, चादरी, फाटके सदरे, जे असेल ते. काठापासून सुरू करून चौकोनात चौकोन करत टाके आत आत जातात, बऱ्याच वाकळींत असंच. आता उलटी करा. हाताने घातलेला धावदोरा दोन्हीकडून जवळजवळ सारखा दिसतो पण टाके कधीच एकसारखे नसतात, एका ओळीत बारीक, पुढच्या ओळीत ढांगा टाकल्यासारखे. माझ्या पणजीच्या वाकळीत तर एका कोपऱ्यात टाके एकदम नेटके आहेत, गव्हाच्या दाण्याएवढे, आणि मध्यापासून पुढे दुप्पट लांब होतात. आई म्हणते तिथून पुढचं आजीने शिवलं असणार, तिला कसलाच धीर नव्हता. आता हे असं मशीनवर कसं येईल सांगा.

मशीनची टीप ओळखायला एकदम सोपी, टाक्याला टाका लागून असतो, मध्ये मोकळी जागा नसते, आणि वर एक दोरा, खाली दुसरा. मशीनवर शिवलेली म्हणजे नवीनच असं नाही हां, घरात शिलाई मशीन शंभर वर्षांपासून आहेत. पण कडेला ओव्हरलॉक दिसलं तर समजा की माल अलीकडचा आहे आणि "शंभर वर्षांपूर्वीची आहे मॅडम" वाल्याला नमस्कार करून पुढे चला.

मग जोड बघा. आपल्याकडे लुगडं मधे विरलं की फाडून, कडेचे चांगले भाग मधे आणून जोडायचे, त्याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं पुढे गोधडीत गेलेलं असतं आणि गोधडीच्या पोटातून तो दंड हाताला लागतो, दोरीसारखी एक बारीक रेघ. डोळे मिटून हात फिरवा, लागेल. मग ठिगळं. ठिगळावर ठिगळ असेल तर मी जास्त पैसे देते, आणि हे दुकानदाराला बिलकुल कळू देत नाही. लोकांना वाटतं ठिगळ म्हणजे खोट. अहो, ठिगळ म्हणजेच तर ती वस्तू कोणीतरी वीस-पंचवीस वर्षं वापरली, फाटली तेव्हा टाकून न देता बसून नीट केली. कोरी करकरीत गोधडी प्रदर्शनात मिळते की.

काळ ठरवायला आत काय आहे ते बघा. उसवलेल्या जागेतून भिंगाने (दहापट मोठं दिसणारं, सराफाकडे असतं तसलं, ऑनलाइन स्वस्तात मिळतं) डोकवा. टेरिकॉटचा तुकडा दिसला तर वाकळ १९६० च्या आधीची बहुधा नाहीच. शंका असेल तर आतून निघालेले दोन-तीन सुटे धागे चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. रेशीम केस जळल्यासारखं घाण वासतं. पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. सुटे धागेच हां! एकाने अख्ख्या काठालाच लायटर लावून दाखवला होता मला, "बघा प्युअर आहे" म्हणून. प्युअर होता, आणि आता तिथे भोक आहे.

खोटं जुनेपण पण येतं बाजारात. चहाच्या पाण्यात बुचकळून काढलेलं. तेही उलट्या बाजूलाच पकडलं जातं: खरंच वापरून मळलेलं कापड घडीवर, काठावर, जिथे हात लागतो तिथे काळवंडतं आणि शिवणीच्या आत, जिथे ऊन-हवा पोचलीच नाही, तिथे मूळ रंग ताजा असतो. चहात बुडवलेलं सगळीकडून एकसारखं पिवळट आणि शिवणीच्या आतपण पिवळट. शिवण बोटांनी जरा फाकवून बघायची, बस.

चंचीला वेगळा नियम. चंची माहीत नसेल त्यांच्यासाठी, पान-तंबाखू ठेवायची कापडी पिशवी, आत एकावर एक कप्पे, गुंडाळून दोरीने बांधायची, आजोबा लोकांच्या कमरेला किंवा कोपरीच्या खिशात. चांगली चंची उघडली की एका कप्प्यात चुन्याचा पांढरा कडक थर, दुसऱ्यात काताचा लालसर डाग, आणि तंबाखूचा वास, तो तर चाळीस वर्षांनी पण येतो. मी एकदा पुण्यात जुन्या बाजारात एक अप्रतिम चंची बघितली, बाहेरून खणाचं कापड, कडेला बारीक साखळी टाका, आठ कप्पे. "काका, केवढ्याला?" विचारलं तर काका खूश होऊन म्हणतात, "ताई, ही बघा, तुमच्यासाठी सर्फमध्ये धुऊन ठेवली, एक डाग नाही." मला रडू यायचं बाकी होतं. घेतली मी ती तरी, पण त्या आठ कप्प्यांत कुठे काय होतं ते आता कधीच कळणार नाही.

कुंची असेल तर अस्तर बघा. बाहेरून खण, जरीचा काठ, गोंडे, सगळा थाट, आणि आतून बाळाच्या डोक्याला लागणारा भाग मात्र शंभर वेळा धुतलेल्या धोतराचा, लोण्यासारखा मऊ. अस्तर नवीन पॉपलिनचं असेल तर मागून बदललंय किंवा कुंचीच नवीन आहे.

उलट्या बाजूवरून आठवलं, इरकल लुगड्यावर कसुती असेल तर ती जपूनच हाताळा. धारवाड भागातलं हे भरतकाम, पण सोलापूर-कोल्हापूर-सांगलीच्या घरांमधून खूप सापडतं कारण इरकल आपल्याकडे नेसत होतेच की सगळे. कापडाचे धागे मोजून भरतात, नक्षी छापून घेत नाहीत, आणि गाठ मारत नाहीत. गावंती टाक्याने भरलेलं असेल तर दोन्ही बाजूंनी एकसारखं दिसतं. मागे गाठींचा गुंता आणि लांब लांब ओढलेले दोरे असतील तर ते घाईचं काम. मशीनची कसुती तर लगेच कळते, मागे पांढऱ्या बॉबिनच्या दोऱ्याची जाळी असते.

आणि कोकणात, गोव्यात, कारवारकडे फिरताना कधी अशी गोधडी दिसली की जिच्या चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुलं लावलीयेत, तर थांबा. ती कवंदी असू शकते, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांनी केलेली. मूळ आफ्रिकेतून आणलेली ही माणसं, त्यातली बरीच पोर्तुगीजांच्या गोव्यातून जंगलात पळून गेलेली, कोकणी बोलतात. हल्याळ, यल्लापूर भागात त्यांच्या वस्त्या आहेत. त्या कोपऱ्यातल्या त्रिकोणांना फुला म्हणतात आणि फुला लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानतच नाहीत. बायका अजूनही शिवतात, त्यामुळे जुनी शोधत बसण्यापेक्षा सरळ त्यांच्याकडून नवीन घ्या, पूर्ण पैसे देऊन. घासाघीस करू नका प्लीज, महिनाभर बसून शिवलेलं असतं.

लमाण बायकांच्या जुन्या कांचळ्या (चोळ्या), घागरे, कवड्या-आरशांच्या पिशव्या याबद्दल माझं मत जरा कडक आहे. विदर्भ-मराठवाड्यात गावोगाव फिरून व्यापारी त्या उचलतात आणि कापून कुशन कव्हर, पर्स, जॅकेट करतात. तुम्ही ते तुकड्यांचं जॅकेट घेतलं की पुढचा घागरा कापला जातो. पूर्ण वस्तू मिळाली तर घ्या, कापलेली घेऊ नका, मग कितीही सुंदर दिसू दे.

बाजारात

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी, मंगळवार पेठेच्या बाजूला. सकाळी लवकर जा, नऊनंतर गर्दी आणि ऊन दोन्ही डोक्यावर. पथारीवर लोखंड, नळ, चार्जर, नाणी सगळं असतं, कापड वर मांडलेलं क्वचितच, ते खाली अंथरलेलं असतं! खरंच, ज्याच्यावर माल मांडलाय ती चादर बघा, दोनदा मला अशी गोधडी मिळालीये, विकणाऱ्याच्या बुडाखालची. एकदा तर काकांनी सगळे नळ उचलून बाजूला ठेवले आणि गोधडी झटकून दिली, वर म्हणाले हिचे काय पैसे घेऊ.

मुंबईत चोर बाजार, मटन स्ट्रीट. दुकानं शुक्रवारी बंद असतात पण शुक्रवारी पहाटे रस्त्यावर जो बाजार भरतो त्यात मजा जास्त. तिथले दुकानदार फार हुशार, तुमचा चेहरा बघून किंमत सांगतात, त्यामुळे ज्या वस्तूसाठी जीव अडकलाय ती सोडून शेजारची उचलून आधी तिची किंमत विचारायची.

पण बाजारात उतरायच्या आधी पुण्यातच बाजीराव रोडवरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा निवांत बघून या. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला लागले, आणि पुढे लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय झालं. वीस हजारांच्या वर वस्तू आहेत, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. दिवे, अडकित्ते, वाद्यं यांच्यापुढे लोक थांबतात, तुम्ही कापडापुढे थांबा. हा माणूस राजेमहाराजांच्या वस्तूंच्या मागे नव्हता, लोकांच्या घरात रोज हाताळलं जाणारं जमवत होता. डोळा तयार व्हायला एक दुपार पुरते.

शिवणाची हत्यारं पण जमवा, त्यांना जागा कमी लागते. अंगुस्तान दोन तऱ्हेचं: वरून बंद टोपीसारखं असतं ते, आणि दोन्हीकडून उघडं, अंगठीसारखं, जे शिंपी वापरतात कारण शिंपी सुई बोटाच्या टोकाने नाही, बाजूने ढकलतो. वापरलेल्या पितळी अंगुस्तानाचे खड्डे एका बाजूला झिजून गुळगुळीत झालेले असतात, सगळीकडे एकसारखे टोकदार असतील तर तो शोपीस. दाभण, मेरठच्या पितळी मुठीच्या कात्र्या, शिंपल्याची बटणं (ओठाला लावून बघा, प्लास्टिकपेक्षा गार लागतात), जुनी टिचबटणं पुठ्ठ्यासकट, लाकडी रिळं. टकळी आणि पेटी चरखा तर मराठी घरांतून अजून निघतात, त्या पेटीतल्या चरख्याला येरवडा चरखा म्हणतात, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यावर काम झालं म्हणून. पेटी उघडून चात्या (सूत गुंडाळलं जातं त्या बारीक सळया) जागेवर आहेत का, माळ (चाक फिरवणारी दोरी) आहे का, ते बघा, बहुतेक वेळा चाती हरवलेली असते.

शिलाई मशीन हा वेगळाच रोग आहे, त्यात मी फार पडत नाही, पाठीला झेपत नाही. एवढंच सांगते, सिंगरचं हातमशीन मिळालं तर बुडाजवळ नंबर असतो: नुसते आकडे असतील तर १९०० च्या आधीचं, आकड्यांआधी इंग्रजी अक्षर असेल तर नंतरचं, आणि पूर्ण नंबर टाकला की साल ऑनलाइन सापडतं. खालची सरकती पट्टी उघडून बघा, आत होडीसारखं लांबुडकं शटल निघालं तर मॉडेल जुन्या धाटणीचं. उषा मशीन १९३० च्या दशकातली, कोलकात्याची, त्यामुळे "आमच्या खापरपणजीची १८८० ची उषा" कोणी विकत असेल तर हसून पुढे जा. आणि मशीन चकचकीत करायला रॉकेल-पेट्रोलने घासू नका, सोनेरी नक्षी पहिल्या हातातच निघून येते. खोबरेल तेल पण नको घालू, काही महिन्यांत घट्ट होऊन मशीन जाम. मशीनचंच तेल घाला, सायकलच्या दुकानात पण मिळतं.

कायद्याचं थोडक्यात, कारण परदेशातले भाऊ-बहिणी नेहमी विचारतात. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, त्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती देशाबाहेर न्यायला खाजगी माणसाला परवानगी नाही. आजीची ऐंशी वर्षांची गोधडी न्यायला हरकत नाही, पण वस्तू जुनाट दिसत असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला आधीच काढून ठेवा, विमानतळावर रडत बसायला नको. कापडावर चित्रं काढलेली असतील आणि ती शंभरी ओलांडलेली असतील तर घरात ठेवायला पण नोंदणी लागू शकते. आणि हस्तिदंती फणी, हस्तिदंती बटणं कोणी दाखवली तर हात लावू नका, तो व्यापारच बेकायदा आहे.

धुवायचं की नाही

शक्यतो नाही. हे मी अनुभवाने सांगतेय. दुसऱ्याच वर्षी मला एक लाल-काळ्या पट्ट्यांची गोधडी मिळाली होती, वास येत होता म्हणून वॉशिंग मशीनमध्ये "जेंटल" वर टाकली. जेंटल कसलं डोंबल. लाल रंग सुटून पांढऱ्या धावदोऱ्यात गेला, आतल्या थरांचे गोळे झाले, काळ्या पट्ट्या तर नुसत्या विरघळल्या. काळा रंग जुन्या कापडात बऱ्याचदा लोखंडाचा असतो, तो धाग्यालाच आतून खातो, म्हणून जुन्या कापडात काळी नक्षी आधी झडते आणि बाकीचं धड राहतं. ती गोधडी मी अजून ठेवलीये, नवीन लोकांना दाखवायला.

त्यामुळे आधी झटकायची पण नाही, आपटायची तर अजिबातच नाही. पलंगावर पसरा, वर मच्छरदाणीचा तुकडा ठेवा आणि त्याच्यावरून व्हॅक्यूम क्लीनर अगदी कमी ओढीवर फिरवा, जाळीमुळे सुटे धागे आत ओढले जात नाहीत. दोन्ही बाजूंनी. मग सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस, आडवी. निम्मा वास इथेच जातो.

तरी धुवायचीच असेल तर प्रत्येक रंगाची परीक्षा करा: कापूस ओला करून रंगावर मिनिटभर दाबायचा, कापसाला रंग लागला की विषय संपला, धुवायचं नाही. एकही रंग सुटत नसेल तर टबात गार पाणी, रंगीत सुती कापडाला रिठ्याचं गाळलेलं पाणी चालतं, पांढऱ्याला नको कारण रिठा पिवळट झाक सोडतो, तिथे सौम्य लिक्विड घ्या. चोळायचं नाही, पिळायचं नाही, नुसतं हाताने दाबायचं. आणि बाहेर काढताना कोपरा धरून उचलायची नाही, ओल्या गोधडीचं वजन एवढं असतं की स्वतःच्याच वजनाने फाटते. म्हणून टबात आधी चादर अंथरायची, त्याच्यावर गोधडी, मग चादरीसकट दोघांनी मिळून उचलायची. जरी आणि रेशमाला हे काहीही करू नका. ब्लीच, लिंबू, डाग जाणाऱ्या पावडरी विसरा.

किड्यांसाठी फ्रीजर. गोधडीत कसर (कापड खाणारा किडा) किंवा अळी दिसली की प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करायची आणि डीप फ्रीजरमध्ये (उणे अठराच्या खाली) दोन आठवडे. बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही, एक दिवस तशीच ठेवायची, नाहीतर बाहेरच्या हवेतलं पाणी सगळं कापडावर धरतं. सासूबाईंनी एकदा मटार समजून कुंची बाहेर काढली होती, तो वेगळा किस्सा.

गुंडाळून ठेवायला मांजरपाट (कोरं, जाडसर सुती कापड) सगळ्यात चांगलं. पण दुकानातून आणलेलं मांजरपाट आधी दोनदा गरम पाण्यात धुवा, त्यात खळ असते आणि कसरीला खळ फार आवडते. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, पावसाळ्यात आत घाम धरतो आणि बुरशी. घडी घालायचीच तर घडीच्या आत मांजरपाटाची गुंडाळी ठेवा म्हणजे कडक रेघ पडणार नाही, आणि दर सहा महिन्यांनी घडी बदला. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका, पुरचुंडी करून कोपऱ्यात ठेवा, घरात लहान मूल असेल तर त्यापण नकोत. मी वेखंड आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवते, त्याने किडा मरत नाही पण लांब राहतो, आणि खरं काम होतं ते वर्षातून दोनदा सगळं बाहेर काढून बघितल्यानेच. पाऊस संपला की ऑक्टोबरात एकदा आणि मार्चमध्ये एकदा.

भिंतीवर लावायची असेल तर खिळे-चिमटे नाही. वरच्या कडेला मागून मांजरपाटाचा नेफा शिवा, परकराला असतो तसा, त्यात लाकडी दांडा घाला, वजन सगळीकडे वाटलं जातं. खिडकीसमोर नको. आणि चार महिने लावली की आठ महिने आत.

चिठ्ठी

हे सगळ्यात सोपं आणि लोक हेच करत नाहीत. वस्तू हातात आली त्याच दिवशी दोन्ही बाजूंचे फोटो, शेजारी पट्टी ठेवून. वहीत नंबर. मग सुती नाडीचा तुकडा घ्यायचा, त्यावर पेन्सिलने नंबर (पेन नको, शाई पसरते) आणि एका कोपऱ्यात, उलट्या बाजूला, एकच सैल टाका घालून लावायचा. वहीत त्या नंबरापुढे: कोणाकडून, कुठल्या गावची, कोणी शिवली, कोणासाठी, आत कोणाचं लुगडं आहे. विकणाऱ्याला माहीत नसेल तर तसं लिहा, स्वतःच्या मनाने "पेशवेकालीन" लिहू नका.

घरातल्या वस्तूंचं तर आजच करा, कारण सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढे गेलीयेत. मी आता फोनवर रेकॉर्डिंग लावते आणि वाकळ म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर ठेवते, प्रश्न विचारतच नाही. हात आपोआप तुकड्यांवर फिरायला लागतात आणि मग हे तात्यांच्या कोटाचं अस्तर, हे माझ्या परकराचं, हे कमळीच्या बारशाचं, असं सुरू होतं.

माझ्या वहीत नंबर एकला, म्हणजे पणजीच्याच वाकळीला, अजून एक जागा रिकामी आहे. मधोमध, जिथे आजीचे लांब टाके सुरू होतात बरोबर तिथे, तळहाताएवढा एक निळा चौकटीचा तुकडा आहे, बाकी कुठल्याच कपड्याशी न जुळणारा, आणि तो उलट्या बाजूने लावलाय, म्हणजे रंगाची सुलटी बाजू आत. आईला माहीत नाही. काल आत्याला फोन केला, ती चौऱ्याऐंशीची आहे, निळा म्हटल्यावर जरा वेळ गप्पच झाली, मग म्हणाली रविवारी ये, फोनवर नको, आणि येताना ते तुझं भिंग आण, मला आता बारीक दिसत नाही.